ऐंशीच्या पुढे थरथरणारं स्टिअरिंग: चोपडा तालुक्यातल्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक, पाच वर्षांची, पन्नास हजार किलोमीटरच्या थोडी पुढे गेलेली. चाकं लोखंडी, टायर १८५/६५ आर १५, ट्यूबलेस. मालक चोपडा तालुक्यातले, केळी आणि कापूस करणारे. इथे त्यांना आप्पा म्हणू. गाडी घरची असली तरी तिचा निम्मा वेळ शिवारात जायचा. मजूर सोडणं, ठिबकच्या नळ्या आणणं, खताच्या गोण्या टाकणं, सगळं तिच्यावरच. उरलेला निम्मा वेळ जळगाव, धुळे आणि कधीमधी सुरत. सकाळी चिखलात आणि दुपारी चौपदरी रस्त्यावर असं तिचं आयुष्य होतं, आणि तिचा आजारही त्यातूनच आला होता.

आषाढात एकदा पाणंदीत गाडी रुतली. पुढची दोन्ही चाकं काळ्या मातीत अर्ध्याहून जास्त बुडाली आणि शेवटी ट्रॅक्टरला दोर लावून ओढून काढावी लागली. आपल्याकडची काळी माती ओली असते तेव्हा सोडत नाही आणि वाळली की खुरप्यालाही दाद देत नाही. आप्पांनी घरी आल्यावर बोअरच्या पाण्याने गाडी धुतली, पण बाहेरून. चाकाच्या आतल्या अंगाला, रिमच्या पोकळीत काय बसलंय ते खाली वाकून बघणार कोण?

मी जळगावात महामार्गालगतच्या एका दुकानात काम करतो. टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन चहूबाजूंना सारखं करणं) एवढाच आमचा धंदा. तक्रार ऐकून घेणं आणि गाडी चालवून बघणं हे माझ्याकडे असतं. गाडी आमच्याकडे आली ती श्रावणात, नागपंचमी दोन-चार दिवसांवर असताना.

तक्रार

"भो, ऐंशीना वर गई का ष्टेरिंग थरथर करस," एवढंच आप्पा म्हणाले आणि खिशातून बिलांची घडी काढली. तिसऱ्या-चौथ्या दुकानात आलेली माणसं बहुधा अशीच बोलतात. तक्रार एका वाक्यात आणि झालेला खर्च तपशिलात.

बिलांवरून क्रम असा लागला. गाडी रुतल्यावर आठवड्याभरात थरथर सुरू झाली. तालुक्याच्या ठिकाणी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घेतलं. दोन-तीन दिवस गाडी बरी चालली, मग पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानात पुन्हा बॅलन्सिंग. पुन्हा थोडे दिवस बरं आणि पुन्हा थरथर. तिसऱ्या गॅरेजने दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला चाकाशी जोडणारे सांधे, बदलले. त्याने काडीचाही फरक पडला नाही. त्याच गॅरेजने मग निदान आणखी पुढे नेलं: स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं वळण टाय रॉडपर्यंत नेणारा भाग) गेलाय, वीस-बावीस हजार धरा.

त्यात घाई होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई, खान्देशातली देवी, बसणार होती. सुरतेला राहणारा धाकटा भाऊ, त्याचं कुटुंब आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आत्या यांना शनिवारपर्यंत गावी आणायचं होतं. तिच्या प्रसादाच्या रोटाला सगळं भाऊबंद जमतं, तिथे आत्या नाही असं चालणार नव्हतं. भुसावळ-सुरत रेल्वे आहे, पण त्या गर्दीत ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने चढउतार नको, असं घरात ठरलेलं होतं.

बदलून काढलेले टाय रॉड एंड आप्पांनी प्लास्टिकच्या पिशवीत डिकीत ठेवले होते. मी ते हातात घेऊन बघितले. रबराचं बूट शाबूत, आतलं ग्रीस स्वच्छ, आणि गोळा अंगठ्याने ढकलायला जोर लागत होता. खराब झालेल्या एंडचा गोळा बोटाने सैल खेळतो. हे दोन्ही एंड अजून वर्ष-दोन वर्षं सहज चालले असते.

आधी गाडी चालवून बघितली

यंत्रावर चढवण्याआधी गाडी शहराबाहेरच्या चौपदरी भागावर नेली. आप्पा शेजारी. अशा फेरीत मला चार गोष्टी कळून घ्यायच्या असतात: थरथर कोणत्या वेगाला सुरू होते आणि कोणत्या वेगाला कमी होते, ती हातात जाणवते की बुडाखाली, ब्रेक मारल्यावर वाढते का, आणि गाडी न्यूट्रलला टाकल्यावर राहते का.

८० ला स्टिअरिंगमध्ये बारीक कंप सुरू झाला. ९० ते ९५ च्या दरम्यान तो इतका वाढला की स्टिअरिंगवरचे अंगठे दिसतील असे हलत होते. १०० च्या पुढे पुन्हा कमी. सीट मात्र शांत. ९० ला हलका ब्रेक दाबला तर कंप वाढला नाही. ब्रेकची डिस्क वाकडी असती तर ब्रेक दाबताच तो उसळला असता, म्हणून डिस्क सध्या बाजूला. मग न्यूट्रल करून गाडी तशीच धावू दिली. इंजिन निष्क्रिय वेगावर आलं तरी थरथर जशीच्या तशी. म्हणजे ती इंजिनाची नाही, जोर लावताना हलणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचीही नाही. जे फिरतंय आणि रस्त्याच्या वेगाशी बांधलेलं आहे त्याची ती आहे. चाक, टायर, रिम, हब.

ठरावीक वेगालाच थरथर का, हा प्रश्न आप्पांनी विचारला आणि तो रास्त होता. या मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास १३ वेळा फिरतं. चाकात कुठे वजन जास्त असेल तर ते सेकंदाला तितक्याच वेळा धक्का देतं. पुढच्या सस्पेन्शनची आणि स्टिअरिंगच्या जोडणीची स्वतःची एक डुलण्याची गती असते. धक्क्यांची गती तिच्याशी जुळली की थरथर फुगते, आणि वेग त्यापुढे गेला की जुळणी सुटते. धक्का किती, तर रिमच्या काठाला, मध्यापासून १९ सेंटिमीटरवर, ३० ग्रॅम वजन जास्त असेल तर ९० च्या वेगाला ते पावणेचार किलोच्या आसपास जोराने चाकाला ओढतं. तीस ग्रॅम म्हणजे जेमतेम मूठभर शेंगदाणे.

परत येताना शहरात शिरलो, वेग ३५-४० वर आला, आणि तिथे आणखी एक गोष्ट जाणवली. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हळूच डुलत होतं. थरथर नव्हे, डोलणं. आप्पांना विचारलं तर म्हणाले, रस्ता खराब आहे म्हणून असेल. पण तो तुकडा काँक्रीटचा आणि सपाट होता. वजनाचा असमतोल इतक्या कमी वेगाला सहसा कळत नाही, कारण त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. निम्म्या वेगाला तो चौथाईच राहतो. कमी वेगाला डोलणारी गाडी बहुधा आकाराबद्दल काहीतरी सांगत असते. मी ते कामाच्या कागदावर वेगळ्या ओळीत लिहून ठेवलं. या प्रकरणात पुढे जे घडलं ते त्या वेगळ्या ओळीमुळे.

समोर असलेले पर्याय

रॅक बदलण्याचा पर्याय पहिल्या दहा मिनिटांत बाद झाला. गाडी लिफ्टवर घेतली, चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं. टाय रॉड किंवा रॅकमध्ये ढिलाई असेल तर इथे खटखट हाताला लागते. मग बारा आणि सहाच्या जागी. इथे बेअरिंग आणि बॉल जॉइंट बोलतात. काहीच नाही, सगळं घट्ट. एक गोष्ट खरी की ढिला सांधा थरथर मोठी करून दाखवतो. पण थरथर जन्माला घालणारं काहीतरी फिरतं कारण त्याच्या मागे असावंच लागतं. रॅक फिरत नाही.

अलाइनमेंट पुन्हा करण्यातही अर्थ नव्हता. आपल्याकडे "अलाइनमेंट-बॅलन्सिंग" हा एकच शब्द असल्यासारखा बोलला जातो आणि बिलही एकत्र लागतं. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. त्यामुळे ९० ला अंगठे थरथरत नाहीत. आधीच्या बिलांत अलाइनमेंटचे पैसे एकाहून जास्त वेळा लागले होते, आणि गाडी सरळच चालत होती.

उरलं चाक आणि टायर. इथे दोन रस्ते होते. एक, पुढची जोडी मागे आणि मागची पुढे घालून बघायची. याला फुकट चाचणी म्हणतात: थरथर हातातून बुडाखाली गेली की दोष त्या जोडीत. दुसरा, आधी चाकं उतरवून नीट बघायची. मी दुसरा निवडला. कारण कमी वेगाचं डोलणं आणि जास्त वेगाची थरथर असे दोन दोष असण्याची शक्यता होती. जोडी सरळ मागे टाकली असती तर दोन्ही दोष एकत्र मागे गेले असते आणि ते दोन आहेत हे तेव्हा कळलंच नसतं.

पहिलं कारण: आतली माती

डावं पुढचं चाक उतरवलं आणि उलटं केलं. रिमच्या आतल्या पोकळीत, घेराच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यात काळी माती चिकटलेली. कडेला जाड, मध्ये तुटलेली. एका ठिकाणी ढलपा नुकताच निघून गेल्याची ताजी, फिकट खूण होती. आणि रिमच्या आतल्या ओठावर बॅलन्सिंगसाठी ठोकलेले शिशाचे तुकडे शेजारी शेजारी, दोन वेगवेगळ्या दुकानांचे, इतके की ओळ लागली होती.

दोन-तीन दिवस बरं आणि मग पुन्हा तेच, याचा उलगडा इथे झाला. तालुक्याच्या दुकानात चाक मातीसकट यंत्रावर चढवलं गेलं. यंत्राला माती आणि लोखंड यातला फरक कळत नाही. मातीच्या वजनाला तोलणारं शिसं समोरच्या बाजूला ठोकलं, आकडा शून्य झाला, गाडी दिली. मग महामार्गावर उन्हाने माती तडकली आणि एक ढलपा उडाला. मातीचं वजन गेलं, शिसं राहिलं. आता असमतोल शिशाचा. दुसऱ्या दुकानाने त्यावर आणखी शिसं लावलं, नवा ढलपा पडेपर्यंत तेही टिकलं. दोन्ही दुकानांची यंत्रं बहुधा ठीकच होती.

आमच्या पोराने पत्रीने माती खरवडली, पाणी मारून ब्रशने रिम स्वच्छ केली. कुतूहल म्हणून खरवडलेली माती काट्यावर टाकली तर दीडशे ग्रॅमच्या वर भरली. जुनं शिसं सगळं काढलं. हबच्या ज्या तोंडावर रिम बसते तिथला गंज तारेच्या ब्रशने काढला. तिथे पापुद्रा राहिला तर बॅलन्स केलेलं चाकही तिरकं बसतं. बाकीच्या तीन चाकांतही माती होती, पण पातळ आणि सारखी पसरलेली.

माती काढल्यावर, जुनं शिसं काढण्याआधी चाक यंत्रावर चढवलं तेव्हा आतल्या बाजूला ६५ ग्रॅमचा फरक दाखवत होतं. ते आम्ही मुद्दाम एकदा बघून घेतलं. सगळं काढून नव्याने तोललं तेव्हा दोन्ही बाजू मिळून २५ ग्रॅमचं शिसं पुरलं. उजव्या चाकाला थोडं जास्त लागलं, तेही शून्यावर आलं. नट गनने न आवळता आधी हाताने बसवून, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने घट्ट केले.

निर्णयाची वेळ: "आता देऊन टाका"

दुसरी फेरी मारली. ९० ची थरथर जवळजवळ गेली. आप्पांनी स्वतः चालवली, हात सोडून बघितला, खूश झाले. दुपारचे चार वाजत आलेले, घरी जायला दीड तास, आणि बिल दोन हजारांच्या आत. "बस झालं, आता देऊन टाका" म्हणाले.

मला ३५-४० चं डोलणं अजून लागत होतं. आधी ते थरथरीच्या तक्रारीत झाकलेलं होतं, आता एकटं उरल्यामुळे उलट जास्त स्पष्ट झालं होतं. १०० च्या आसपासही एक हलकी लहर शिल्लक होती.

गाडी दिली असती तर गिऱ्हाईक समाधानाने गेलं असतं. त्यात खोटं काही नव्हतं. तक्रार ऐंशीच्या पुढची होती आणि ती मिटली होती. दुसऱ्या बाजूला सुरतेचा रस्ता होता: तीनशे किलोमीटरच्या वर अंतर, साक्रीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट, परतताना गाडीत सहा माणसं आणि वर सामान. कमी वेगाला डोलणारा टायर जर आतून सुटायला लागलेला असेल तर तो फुटायला जास्त वजन, जास्त वेग आणि लांबचा पल्ला या तीनच गोष्टी हव्या असतात. मी आप्पांना हे असंच सांगितलं आणि आणखी एक तास मागितला. त्यांनी पावसाकडे बघितलं, घरी फोन लावला आणि थांबले.

दुसरं कारण: गोल नसलेला टायर

आता जोडी बदलण्याची चाचणी उपयोगाची होती, कारण एकच दोष उरला होता. पण पूर्ण जोडीऐवजी फक्त उजवं पुढचं चाक उजव्या मागच्या जागी नेलं. डोलणं स्टिअरिंगमधून गेलं आणि मागच्या सीटवर बसलेल्या आमच्या पोराला जाणवू लागलं. दोष त्या एका चाकात.

ते चाक लिफ्टवर हाताने फिरवलं. जमिनीवर एक स्टँड ठेवून त्याची सळई नक्षीपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणली. चाक फिरताना फट सारखी राहिली पाहिजे. इथे एका जागी सळई टायरला घासायची आणि अर्धा फेरा पुढे गेलं की चांगली फट पडायची. फरक तीन मिलिमीटरच्या जवळ. टायर बसवलेल्या चाकाला साधारण दीड मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात, त्यापुढे गाडी बोलू लागते. मग सळई रिमच्या काठाला लावली. रिम सरळ होती, अर्धा मिलिमीटरही नाही. म्हणजे "आऊट", गोलाईतला हा फरक, रिमला नसून टायरला.

पण टायर वाईट ठरवण्याआधी एक साधी शक्यता तपासायची असते. टायरची बीड, म्हणजे रिममध्ये बसणारी कड, एका जागी नीट बसलेली नसेल तरी चाक असंच फिरतं. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, रिमच्या काठालगत एक बारीक रेघ ओतलेली असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. दिसत होती. तरी हवा सोडून, साबणाचं पाणी लावून, पुन्हा हवा भरून बघितली. तीन मिलिमीटर तसेच. रिमवर टायर अर्धा फेरा फिरवून बसवण्याचाही एक उपाय आहे, पण तो रिमची उंच जागा आणि टायरची उंच जागा एकमेकांवर आल्या असतील तेव्हा. इथे रिमला उंच जागाच नव्हती.

उंच भागावर तळहात फिरवला तेव्हा नक्षीखाली लांबट उंचवटा लागला, चार बोटं रुंद. त्या जागी नक्षीची झीजही आजूबाजूपेक्षा जास्त. आणि तिथून वीतभर अंतरावर, नक्षी संपून साइडवॉल सुरू होते त्या खांद्यावर, पंक्चरची स्ट्रिप. आप्पांना आठवलं: मागच्या उन्हाळ्यात बाभळीचा काटा नव्हे, लोखंडी खिळा होता, पेट्रोल पंपाशेजारी पाच मिनिटांत काढून दिलं.

टायर रिमवरून उतरवून आतून बघितला. स्ट्रिपच्या भोवती आतला रबराचा थर फुगीर आणि काळपट, दाबला की मऊ. खांदा हा चालताना सतत वाकणारा भाग आहे. तिथलं छिद्र स्ट्रिपने हवेपुरतं बंद होतं, पण ओल आणि आतली हवा पोलादी तारांच्या पट्ट्यांपर्यंत झिरपत राहते. तारा गंजतात, रबर त्यांना सोडतं, पट्टा उचलायला लागतो. खान्देशातल्या मे महिन्याच्या रस्त्यावर ही प्रक्रिया आणखी वेगाने होते. गाडी रुतण्याशी या दोषाचा संबंध कदाचित थोडाच असेल. चिखलात घसरणाऱ्या चाकावर ताण आला असेल, पण सुरुवात त्या स्ट्रिपपासूनची दिसत होती.

आधीच्या दोन्ही दुकानांत हा टायर यंत्रावर शून्य दाखवून गेला होता, आमच्याकडेही गेला. यात यंत्राची चूक नाही. बॅलन्सिंगचं यंत्र वजन मोजतं, आकार नाही. लंबगोल चाकाचंही वजन चहूबाजूंना सारखं करता येतं, आणि ते तरीही रस्त्यावर लंबगोलच चालतं. मोठ्या शहरांत काही ठिकाणी टायरवर रूळ दाबून त्याचा कडकपणा आणि गोलाई मोजणारी यंत्रं असतात. आमच्याकडे ते नाही. पण सळई आणि तळहात यांनीही पुष्कळ कळतं, फक्त चाक फिरवून बघण्याची तसदी घ्यावी लागते.

टायर किती आणि कुठे

डिकीतलं स्टेपनी चाक लावून सुरतेला जाऊन यायचं का, असं आप्पांनी विचारलं. स्टेपनी १६५/८० आर १४ होती. उंचीला जवळपास तेवढीच, पण अरुंद, आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली. पंक्चर झाल्यावर घर गाठायला ठीक, सुरतेला नाही.

एक टायर घ्यायचा की दोन, यावर थोडी ओढाताण झाली. डाव्या पुढच्या टायरची नक्षी निम्म्यावर आलेली होती. एकाच आसावर एक नवा आणि एक निम्मा झिजलेला टायर घातला तर दोघांचा घेर आणि पकड वेगळी पडते, पावसात ब्रेक मारताना ते जाणवतं. शेवटी जोडी घ्यायची ठरली, दहा हजारांच्या आसपास. साइडवॉलवरचे शेवटचे चार अंक मी त्यांना दाखवले: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात वर्षभर पडून राहिलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नये यासाठी.

खरी गंमत पुढे झाली. मी नवी जोडी मागे आणि मागची चांगली जोडी पुढे लावायला सांगितलं. आप्पांना ते पटेना. थरथर पुढे होती, पैसे पुढच्यासाठी दिले, आणि नवे टायर मागे? गावात लोक काय म्हणतील? पण ओल्या रस्त्यावर पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते आणि चालवणाऱ्याला ते लगेच कळतं. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते आणि कळेपर्यंत उशीर होतो. टायर कंपन्याही जास्त नक्षी मागे ठेवा असंच सांगतात. श्रावणातला घाटरस्ता समोर असताना हा मुद्दा मी सोडला नाही. डोकं हलवत का होईना, त्यांनी मान्य केलं.

सुटायला लागलेला टायर त्यांना घरी न्यायचा होता, चाऱ्याच्या बैलगाडीला लावायला. बैलाच्या चालीला तो चालेलही. पण असा टायर बैलगाडीवरून पुढे कुणाच्या छोट्या टेम्पोवर जायला वेळ लागत नाही. म्हणून साइडवॉल कापून मगच दिला. गुरांच्या गोठ्यात पाण्याचं टाकं टेकवायला म्हणून त्यांनी तो तसाही नेला.

निकाल

शेवटची फेरी संध्याकाळी झाली. ३५ ला डोलणं नाही, ९० ला थरथर नाही. १०० च्या आसपास काँक्रीटच्या एका तुकड्यावर बारीक गुणगुण राहिली. ती डांबरी भागावर गेली, म्हणजे काँक्रीटवरच्या आडव्या रेघांची होती; त्यावर काही करायचं नव्हतं. हवा गार टायरवर भरली, कारण दिवसभर चाललेल्या टायरात दाब चढलेला दिसतो आणि त्यावर मोजून भरली तर सकाळी कमी पडते. शंभरेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासून घ्या, असं सांगितलं; ते त्यांनी धुळ्याला एका दुकानात करून घेतलं.

शनिवारी रात्री आप्पांचा फोन आला. माणसं पोहोचली, घाटात पाऊस होता, गाडी शांत होती. दिवाळीनंतर गाडी टायर अदलाबदलीसाठी आली तेव्हा नव्या जोडीची झीज सारखी होती आणि रिमच्या आत पुन्हा माती होती, या वेळी पातळ.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त संधी पहिल्याच दुकानात हुकली. चाक यंत्रावर चढवण्याआधी आतून धुणं आणि जुनं शिसं काढणं एवढं केलं असतं तर पहिला दोष तिथेच संपला असता. पावसाळ्यात शिवारातून येणाऱ्या गाडीच्या बाबतीत तरी हा नियमच हवा. गिऱ्हाइकानेही समोर उभं राहून जुनं शिसं निघतंय ना ते बघावं. शिशावर शिसं चढत असेल तर तिथेच थांबवावं.

तिसऱ्या गॅरेजमध्ये टाय रॉड एंड बदलण्याआधी चाक हलवून बघण्याचं एक मिनिटाचं काम झालं नाही, किंवा झालं आणि दुर्लक्षिलं गेलं. सुटे भाग बदलून निदान करण्याची पद्धत गिऱ्हाइकाच्या पैशाने चालते म्हणून टिकते.

खांद्यावरच्या पंक्चरला स्ट्रिप मारायलाच नको होती. नक्षीच्या मधल्या भागातलं छिद्र आतून पॅच लावून दुरुस्त करता येतं; खांद्याला आणि साइडवॉलला दुरुस्ती नाही, तिथे टायर बदलणंच. पंक्चरवाला हे सांगत नाही कारण गिऱ्हाइकाला ते ऐकायचं नसतं. एखाद्या टायरला आधीच अशी स्ट्रिप असेल तर महिन्यातून एकदा त्यावरून हात फिरवावा आणि ३५-४० च्या वेगाला सपाट रस्त्यावर गाडी डोलते का याकडे लक्ष ठेवावं.

आमच्या बाजूने एक बदल या प्रकरणानंतर केला. कागदावर "तपासणी आणि चाचणी फेरी" अशी वेगळी ओळ आणि तिचे वेगळे पैसे. आतापर्यंत ते बॅलन्सिंगच्या पैशात मुरून जायचं, आणि म्हणून घाईच्या दिवशी तेच पहिलं गळायचं. गिऱ्हाइकं या ओळीवर कुरकुरतात. शिशाच्या तुकड्याचे पैसे द्यायला कुणी हरकत घेत नाही, गाडी चालवून बघण्याचे मात्र कशाचे, असं विचारतात. ओळ अजून कागदावर आहे.